मन्रो-सूची : मापन आणि निर्णय

स्कॉटलंडमधील ३००० फुटांहून उंच पर्वतांची सूची सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटनीअरिंग क्लबच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीत ५३८ शिखरे असून त्यांपैकी २८३ स्वतंत्र पर्वत मानलेली होती. नकाशात जेथे उंची दिलेली नसे, तेथे मन्रो अ‍ॅनेरॉइड वायुभारमापकाचा आधार घेत. परंतु हवेचा दाब पालटताच त्या यंत्राचे वाचनही पालटते. सीमेलगतच्या शिखरांचे स्थान त्यामुळे अनिश्चित राहणे अपरिहार्य होते.

३००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर. उपग्रहाधारित मापनाने ही सीमा काटेकोरपणे तपासता येऊ लागली. स्गूर नान क्यान्निखन हे शिखर तीहून सुमारे एक मीटर कमी भरल्यामुळे २००९ साली वगळले गेले. २०१२ साली बेन अ ख्लाय अर्ध्या मीटरहूनही कमी अंतराने वगळले गेले आणि संख्या २८२ झाली.

तथापि उंची हा सूचीचा एकच आधार होय. पर्वत ‘स्वतंत्र’ केव्हा मानावा, याचे कोणतेही परिमाण मन्रो यांनी सांगितले नाही. स्काय बेटावरील ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’ हा सुळका लगतच्या स्गूर जेरागच्या माथ्याहून उंच असूनही १८९१ च्या सूचीत गौण शिखरच ठरला. त्याला पर्वताचा दर्जा मिळाला तो मन्रो यांच्या मृत्यूनंतर, १९२१ च्या आवृत्तीत. तात्पर्य, मापनाने सूचीतून नावे गळतात. परंतु सूची घडते ती निर्णयाने. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोहोंची गल्लत करू नये.