मचाणाचा इतिहास : बांधणारा आणि बसणारा

जुन्या मध्यप्रांतातील शिकारीविषयी इंग्रजीत जे वाङ्मय निर्माण झाले, ते विपुल आहे. १८६१ मध्ये नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी झाली आणि त्यानंतरच्या पाऊण शतकात येथील वनांत वावरलेल्या अधिकाऱ्यांनी आपले अनुभव ग्रंथरूपाने मागे ठेवले. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये, स्टर्नडेल यांचे सिवनीवरील पुस्तक १८७७ मध्ये, तर वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचा वन्य पशूंवरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांच्या आधारे शिकारीचा इतिहास लिहू जाता तो साहजिकच बंदूकधाऱ्याचा इतिहास होतो. ज्या मचाणावर हा बंदूकधारी बसला, ते कोणी बांधले, कोणते झाड का निवडले, ते ओझे कोणाच्या खांद्यावरून आले, हे प्रश्न बाजूला राहतात. लिखित साधने जेथे मौन धरतात तेथे शब्द आणि वस्तू यांची साक्ष काढावी लागते. प्रस्तुत लेखात मचाण या एकाच साधनाविषयी तशी साक्ष काढण्याचा यत्न केला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत ‘मञ्च’ म्हणजे खांबांवर उचललेली बैठक. कंसाच्या मल्लरंगात प्रेक्षकांसाठी असे मंच उभारल्याचे वर्णन हरिवंशात आहे. ‘पञ्च’ पासून ‘पाच’ व्हावे त्याच रीतीने ‘मञ्च’ पासून मराठीत ‘माच’ झाला. माचा, माची, मंचक हे त्याच कुळातील शब्द होत. राजगडाच्या सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या माच्या म्हणजे डोंगराच्या अंगाला लाभलेले सपाट मजले. निजावयाचा मंचक, किल्ल्याची माची आणि झाडावरील मचाण ही तिन्ही एकाच कल्पनेची रूपे आहेत, आणि ती कल्पना म्हणजे जमिनीपासून उचललेली, टेकावयास जागा देणारी सपाटी.

‘मचाण’ या रूपाविषयी मात्र एक अडचण आहे. प्रमाण मराठीत आपण ‘मचाण’ असे मूर्धन्य णकाराने लिहितो. हिंदीत ‘मचान’ असे रूप आहे. नागपुरी व वऱ्हाडी बोलींत णकाराचा नकार होतो. तेथे ‘पाणी’ ‘पानी’ होते. सबब नागपूर-चंद्रपूरकडच्या खेड्यात ‘मचान’ ऐकू आले, तर तो हिंदीतून आलेला शब्द की मराठी शब्दाचेच बोलीतील रूप, हे केवळ ध्वनीवरून ठरवता येत नाही. शब्द हिंदीत पुल्लिंगी व मराठीत नपुंसकलिंगी आहे. परंतु उसन्या शब्दालाही मराठी आपले लिंग देते, म्हणून हा पुरावाही निर्णायक म्हणता येत नाही. निर्णय होतो तो वस्तूवरून. शब्द कोठूनही आलेला असो, वस्तूसाठी आपल्याकडे दुसरा घरगुती शब्द आहे, तो म्हणजे ‘माळा’. ज्वारी हुरड्यावर आली की शेतात चार मेढी रोवून किंवा बांधावरच्या झाडाच्या बेचक्यात फळ्या-बांबू टाकून माळा घालतात आणि त्यावरून गोफणीने पाखरे उडवतात. रात्री याच माळ्यावर बसून रानडुकरे व रोही हाकलण्याला विदर्भात ‘जागल’ म्हणतात. जागलीला जाणे हा येथील शेतकऱ्याच्या वर्षक्रमातील एक नियत भाग होता, आणि अनेक ठिकाणी तो आजही आहे.

या संदर्भात भारतीय अर्थविचारातील एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. शब्दाचा मूळ अर्थ सोडून संबंधित अर्थ घ्यावा लागतो, हे सांगताना न्यायभाष्यकार वात्स्यायन मंच ओरडत असल्याचे उदाहरण देतात. लाकडाचा मंच ओरडू शकत नाही; म्हणून मंचावरील माणसे ओरडतात, असा अर्थ घ्यावयाचा. अलंकारशास्त्राचा विद्यार्थी हे उदाहरण लक्षणेच्या प्रकरणात पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु ज्याने जागलीच्या रात्री शेताशेतांतून उठणारे हाकारे ऐकले आहेत, त्याला हे उदाहरण वर्गातले न वाटता शिवारातले वाटेल.

आता शिकारीच्या मचाणाकडे वळू. वाघाची शिकार सामान्यतः तीन प्रकारांनी होत असे : हत्तीवरून, हाका घालून आणि मारलेल्या जनावरावर रात्री बसून. यांपैकी शेवटच्या दोहोंत मचाण लागे. वाघासाठी रेडकू बांधून ठेवीत. ते मारले गेल्याची वर्दी सकाळी येई. वाघ बहुधा जवळच झुडपात विसावलेला असे आणि संध्याकाळी तो पुन्हा भक्ष्यावर येण्याचा संभव असे. म्हणजे दुपारच्या काही तासांत, कुऱ्हाडीचे घाव फारसे न घालता, बोलणे टाळून मचाण सिद्ध करणे भाग असे. लाकडे तोडून बांधलेले जड मचाण भक्कम खरे. पण ते तोडण्याचा आवाज, जमिनीवर पडलेल्या ताज्या ढलप्या आणि माणसांची वर्दळ यांमुळे सावध जनावर बिथरे. या गरजेतून हलके मचाण पुढे आले. ते म्हणजे घरातील बाजेचेच लहान रूप होते : लाकडाची वा बांबूची चौकट, तिला सुतळीची किंवा नवारीची वीण, आणि चार कोपऱ्यांना दोर. ते आयते न्यावयाचे, बेचक्यात बसवावयाचे आणि बांधावयाचे. झाडावर नवे लाकूड चढत नसे व करकर कमी होई. वीण अंगाखाली दबत असल्यामुळे तासन्‌तास निश्चल बसणेही सुसह्य होई.

हलक्या मचाणाचे यश झाडाच्या निवडीवर अवलंबून असे, आणि ही निवड म्हणजे एक स्वतंत्र विद्याच होती. साग सरळ वाढतो, पण उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. नेमक्या शिकारीच्या दिवसांत त्याचा आडोसा नाहीसा होतो. शिवाय त्याची वाळकी पाने पायाखाली मोठा आवाज करतात. ऐनाची साल खडबडीत असल्याने दोर घसरत नाही; धावड्याची साल गुळगुळीत. मोहाला बेचकी चांगली मिळते. परंतु मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून माणसे आणि अस्वले दोन्ही त्याखाली येतात. नाल्याकाठचे जांभूळ हिरवे राहते व छाया देते. मात्र लाल मुंग्यांची घरटी असली तर त्यावर बसणे अशक्य. उंची साधारणपणे १२ ते १८ फूट ठेवीत. त्याहून खाली बसल्यास धोका वाढतो आणि फार वर बसल्यास खालचे जनावर फांद्यांआड जाते व नेमही अवघड होतो. आडोशासाठी बांधलेल्या डहाळ्या त्याच झाडाच्या असाव्या लागतात, कारण परकी पाने वेगळ्या रंगाची दिसतात आणि उन्हाने कोमेजली की त्यांचा वेगळेपणा अधिकच उठून दिसतो. वाऱ्याची दिशा, चंद्र कोणत्या बाजूने उगवणार, वाघ कोणत्या पाऊलवाटेने येणार, हे सर्व ठरवून मगच झाड ठरे.

हे ज्ञान कोणाचे, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. दौऱ्यावर आलेला अधिकारी त्या रानात आठ-पंधरा दिवस राही. ज्या गोंड किंवा माना शेतकऱ्याने त्याच नाल्याकाठी वर्षानुवर्षे जागल केली, त्याला वारा व पाऊलवाटा पाठ असत. दोर नसल्यास माहुलीच्या वेलाची साल वा पळसाच्या मुळ्यांचा वाक कसा काढावा आणि हिरवा वाक वाळल्यावर सैल पडतो म्हणून कोठे दुहेरी आवळावा, हे त्याला शेतातील माळ्यानेच शिकवले होते. मराठीत मचाण ‘बांधतात’, हे क्रियापदही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. खिळ्याने ठोकलेली रचना झाडाला इजा करते आणि झाड डोलू लागले की करकरते. बांधलेली रचना झाडाबरोबर हलते. शिकारीने शेतावरून एक वस्तू नेली एवढेच नव्हे, तर ती वस्तू सिद्ध करणारे संपूर्ण कौशल्य नेले.

मचाण हलके असावे, याचाही अर्थ कोणासाठी हलके, असा प्रश्न विचारल्याशिवाय उलगडत नाही. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी जे चढते मचाण आज वापरतात, त्याच्याशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. ते ॲल्युमिनियमचे, दोन भागांचे असते. वरच्या भागावर बसावयाचे, पायांनी खालचा भाग उचलून घ्यावयाचा, मग त्यावर उभे राहून वरचा भाग सरकवावयाचा. अशा रीतीने शिकारी सरळसोट, बिनफांद्यांच्या खोडावर चढत जातो. माणसाच्या भारानेच चौकट खोडाला घट्ट धरते. शिंदीच्या झाडावर दोराचा फास कमरेभोवती घेऊन चढणारा आपल्याकडील माणूस हेच तत्त्व वापरतो. असे मचाण साधारण ६ ते १० किलो भरते आणि निवडणारा शिकारी वजन, आवाज, बैठकीची रुंदी व खोडाचा घेर यांचा बारकाईने विचार करतो. पडण्याचे भय ओळखून अंगावर पट्ट्यांचा साज चढवतो. वजनाची ही चिंता त्याला आहे, कारण ओझे त्याच्या स्वतःच्या पाठीवर आहे. मध्यप्रांतातील बंदूकधाऱ्याला ती चिंता पडण्याचे कारण नव्हते. वनग्रामांतील रहिवाशांना वनखात्याची कामे करून देण्याचे बंधन असे आणि अधिकाऱ्यांच्या दौऱ्यात वेठबेगारीचा रिवाज सर्वत्र होता. हलकेपणाचे मोल तेथे निःशब्दतेत आणि वेळेत मोजले जाई. वाहणाऱ्याच्या खांद्यात नव्हे.

इंग्रजीने हा शब्द उचलला, त्यातही हीच निवड दिसते. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात मचाणाची नोंद आहे व तेथे वाघावर पाळत ठेवणे आणि शेत राखणे हे दोन्ही उपयोग दिले आहेत. परंतु पुढे इंग्रजी वाचकाच्या मनात उरला तो शिकारीचाच अर्थ. अर्थसंकोचाची कारणे आपण व्याकरणात शोधतो. येथे कारण सामाजिक आहे. ज्यांनी पुस्तके लिहिली ते मचाणावर ‘बसत’ होते. जे ‘जागत’ होते त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शिकारीच्या मचाणाचे दिवस संपत आले. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये, तो भाग मध्यप्रदेश राज्यात असतानाच, तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश झाला. मचाण मात्र नाहीसे झाले नाही. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत महाराष्ट्राच्या वनांत रूढ झाली. २००६ पासूनच्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांना महत्त्व आल्यावर ही मोजणी शास्त्रीय गणना मानली जात नाही. ‘निसर्गानुभव’ म्हणून ती चालू आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर लिहिले, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांध, नागझिरा व मेळघाट येथील नोकरीच्या काळात रानातील माणसांकडून शब्द टिपले. त्यामुळे बंदूक खाली ठेवलेल्या मचाणाचे अनुभव मराठीत आले. चितमपल्ली २०२५ मध्ये निवर्तले. त्यांनी आरंभिलेले शब्दसंचयाचे काम पुढे नेण्याची जबाबदारी आता विद्यापीठांतील मराठीच्या विभागांवर येते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कामाला केवळ कोशाचे महत्त्व नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिवारात रानडुकरांपासून धान राखण्याचा प्रश्न आज पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक, तीव्र आहे. रात्रभर जागणे परवडत नाही, मजूर मिळत नाही, आणि वाघाच्या भीतीने माळ्यापर्यंत जाणेही अवघड होते. अशा वेळी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीज सोडली जाते. त्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. माळ्यावरचा माणूस समोर काय आले ते पाहतो आणि मग हाक देतो. तार पाहत नाही. जागलीचा शब्दसंग्रह लोपतो आहे तो एका जुन्या चालीबरोबर नव्हे, तर जनावराला न मारता परतवण्याच्या एका रीतीबरोबर. जागणाऱ्याच्या श्रमाचे आणि धोक्याचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न धोरणकर्त्यांचा आहे; परंतु ते श्रम होते आणि त्यांत विद्या होती, हे दाखवून देणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

म्हणून मध्यप्रांताच्या शिकारीची साधने वाचताना विद्यार्थ्याने एक साधा नियम पाळावा. ‘मचाण बांधले गेले’ अशा अर्थाचे कर्मणी वाक्य आढळले, की तेथे थांबून कर्ता शोधावा. गावाचे नाव, झाडाची जात, दोराचा प्रकार, वर्दी आणणाऱ्याचा उल्लेख, यांच्या नोंदी कराव्यात आणि त्या गावी जाऊन तेथील माळ्याचे व जागलीचे शब्द टिपावेत. वात्स्यायनांनी मंच ओरडण्याचे उदाहरण दिले, ते मंचावरच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठीच. मचाणाचा इतिहासही त्याच माणसापर्यंत पोहोचला पाहिजे.