चवदार तळ्याची केस: हक्क होता, मग सिद्ध कुणी करायचं?

(एपिसोडचा संपादित लेखी भाग)

आजचा विषय शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलाय. महाडचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि हजारो माणसं त्यांच्यामागून पाणी प्यायली. पुस्तकात धडा इथेच संपतो. पण त्यानंतर या तळ्यावरून कोर्टात केस उभी राहिली आणि ती जवळजवळ दहा वर्षं चालली. आज त्या केसबद्दल बोलू. कारण भेदभावाविरुद्धचे आपले कायदे आज ज्या प्रश्नाला अडखळतात, तोच प्रश्न त्या केसमध्ये होता: सिद्ध कुणी करायचं?

परवानगी होती, पाणी नव्हतं

सुरुवात सत्याग्रहाच्या चार वर्षं आधी होते. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. मुद्दा साधा होता. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वापरता आले पाहिजेत. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव केला की चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे.

म्हणजे कागदोपत्री काम फत्ते! पण तळ्यावर जाऊन पाणी भरायची सोय कुणालाच नव्हती. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर परमिशन दिली होती, ॲक्सेस मिळत नव्हता. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत. दलितांनी मात्र तिकडे फिरकायचं नाही. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा एक ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. ठराव अमलात यावा म्हणून ठराव! सरकारी कामाचा अनुभव असेल तर हसू येईल.

म्हणून १९२७ ची परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ती घडवून आणायला खूप खटपट केली. अनंतराव चित्रे, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस अशी सवर्ण मंडळीही सोबत होती. २० मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि परत फिरले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग मांडवात जेवायला बसलेल्या, गावाकडे परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी तळ्यात बुडवून आणि मंत्र म्हणून तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. तीन वर्षं जो हक्क वापरता आला नव्हता, तो वापरल्याबरोबर कागदावरूनही गेला.

आता कोर्टात

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. मग महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा ठोकला. त्यांचं म्हणणं होतं की तळं ही सार्वजनिक मालमत्ता नाही, आणि अस्पृश्यांनी तिथे यायचं नाही ही वहिवाट अनादी काळापासून चालत आलीय. १४ डिसेंबर १९२७ ला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

या वेळी परिषदेला महाडमध्ये कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते, तळ्यावर जायचंच म्हणत होते. पण बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. त्यांचा विचार असा की आपलं भांडण सरकारशी नाही, कोर्टाचा हुकूम मोडला तर सरकारच समोर उभं राहील, तेव्हा निकाल लागू द्या. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाण्याला हात लावला नाही.

जरा कल्पना करा, ज्या पाण्यासाठी मार खाल्ला ते पाणी हाताच्या अंतरावर आहे आणि तुम्ही वळसा घालून परत जाताय. का, तर कायद्यावर विश्वास ठेवून बघायचाय म्हणून.

आणि कायदा किती वेळ घेतो बघा. मनाई हुकूम १९२८ मध्ये उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. सवर्ण वादी अपिलात ठाण्याला गेले, तिथेही १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्टात. मधल्या काळात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आला, तेव्हा या केसमधला मुख्य प्रतिवादी मुंबई विधानसभेवर निवडून आलेला होता!

निकाल काय लागला, आणि काय लागला नाही

वादी हरले. ऐकायला छान वाटतं. पण कुठल्या कारणाने हरले ते बघा, सगळी गोम तिथे आहे.

कोर्टाने म्हटलं की तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं आहे. त्यावर फक्त आमचाच हक्क असं म्हणायचं असेल, तर ती वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींनी सिद्ध करायला हवं. त्यांच्या पुराव्यातून तेवढं सिद्ध होत नव्हतं. झालं, अपील फेटाळलं. अशी वहिवाट असणं मुळात न्याय्य आहे का, या प्रश्नाच्या खोलात जायची वेळच कोर्टावर आली नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर कदाचित तो विचार करावा लागला असता, एवढं सूचित करून कोर्ट थांबलं.

म्हणजे दलितांना पाणी मिळालं ते समोरच्याचा पुरावा कमी पडला म्हणून. ‘माणूस म्हणून तुमचा हक्क आहे’ असं म्हणायला त्या वेळी कोर्टाच्या हातात कायदाच नव्हता. वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी योगायोगाने सवर्ण वादींवर होती, कारण दावा त्यांनी लावला होता. उलटं असतं तर? आम्ही इथे पूर्वीपासून पाणी भरत होतो, हे दलितांना सिद्ध करायला लावलं असतं तर? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकडे फिरकू दिलं नाही, त्यांनी पाणी भरल्याचा पुरावा आणायचा कुठून?

राज्यघटनेतलं तळं

आता फोनवर राज्यघटनेचं कलम १५ उघडा आणि त्याचं दुसरं उपकलम वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे मज्जाव करता येणार नाही. पुढे यादी आहे: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या, किंवा सर्वसामान्य जनतेसाठी असलेल्या. एवढ्या मोठ्या देशाच्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांच्या पानावर ‘तलाव’ हा शब्द आहे. आणि ‘शासनाच्या पैशातून’ ही भाषा वाचताना १९२३ चा बोले ठराव आठवल्याशिवाय राहत नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं आजचं कलम १७ सुद्धा मंजूर झालं. चर्चेत एक प्रश्न आला की ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय? न्हावी, धोबी यांची दुकानं त्यात येतात का? बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय. येईल त्या माणसाला सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. साध्या शब्दांत फार लांबवर जाणारी व्याख्या आहे ही.

मग १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ मध्ये तो दुरुस्त करून कडक केला, गुन्हा आपसात मिटवून टाकायची सोय काढली आणि नाव दिलं नागरी हक्क संरक्षण कायदा. नाव ऐकून आपल्याला वाटतं काहीतरी जुनाट सरकारी प्रकरण असेल. पण त्याचं कलम ४ वाचा. पाणवठा आहे, दुकान आहे, हॉटेल आहे आणि राहायचं घरही आहे! अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अटकाव करणं हा गुन्हा आहे. पुण्यामुंबईत भाड्याने फ्लॅट शोधताना आडनाव सांगितल्यावर ज्यांना ‘मालकांशी बोलून कळवतो’ असं ऐकावं लागतं, त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अर्थात ‘जातीमुळे घर देत नाही’ असं तोंडावर कोण म्हणतं? इथेच कलम १२ कामाला येतं. या कायद्यातला गुन्हा ठरणारं कृत्य अनुसूचित जातीतल्या माणसाच्या बाबतीत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं कोर्टाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं, हे समोरच्याने सिद्ध करायचं. महाडमध्ये जे योगायोगाने झालं, ते इथे कायद्यात लिहून ठेवलं.

यावर ‘हा तर अन्याय झाला’ असं म्हणणारे भेटतात. पण गृहीत धरणं म्हणजे शिक्षा देणं नाही. कृत्य घडलं हे आधी सिद्ध करावंच लागतं, आणि आरोपीला आपलं कारण मांडायची पूर्ण संधी असते. कृत्याचा साक्षीदार मिळू शकतो. मनात काय होतं त्याचा साक्षीदार कुठून आणणार?

एका शब्दाची किंमत

हे किती महत्त्वाचं आहे ते १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दिसतं, ज्याला आपण ॲट्रॉसिटी ॲक्ट म्हणतो. त्यातल्या गंभीर गुन्ह्यांच्या तरतुदीत मूळ भाषा अशी होती की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीजमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केलेला असला पाहिजे. झालं, पुन्हा मनातलं कारण सिद्ध करा! आरोपीचे वकील म्हणायचे की भांडण जमिनीचं होतं, जुनं वैर होतं, जातीचा काय संबंध? आणि ॲट्रॉसिटीचं कलम गळून पडायचं.

भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. खुनासाठी शिक्षा झाल्या. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला नाही. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही हे सूडातून घडलं असंच मानलं.

२०१५ च्या दुरुस्तीने ‘या कारणावरून’ हे शब्द बदलले. आता ‘हे माहीत असताना’ असं आहे. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर जात माहीत होती असं कोर्टाने गृहीत धरायचं. याच दुरुस्तीत गुन्ह्यांच्या यादीत काय काय आलं बघा: सार्वजनिक विहीर, तलाव वापरू न देणं, सामाजिक बहिष्कार टाकणं, नवे कपडे घालण्यावरून, सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यावरून, वरातीत घोड्यावर बसण्यावरून अडवणं. ही यादी एकविसाव्या शतकात करावी लागली.

आणि एक तारीख सांगतो. कराडच्या एका सरकारी महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून निघालेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी लागेल. तारीख होती २० मार्च २०१८. महाडच्या सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर ९१ वर्षं झाली होती. देशभर आंदोलन झालं, संसदेने ऑगस्टमध्ये कायदा दुरुस्त केला, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने या सूचना स्वतःच मागे घेतल्या. म्हणजे जबाबदारी कुणाच्या खांद्यावर, ही ओढाताण अजून संपलेली नाही.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी भेदभावाची गोष्ट सांगायला लागलं आणि तुमच्या तोंडावर ‘कशावरून जातीमुळेच?’ हा प्रश्न आला, तर जरा थांबा. कायद्याने तो प्रश्न समोरच्या माणसाला विचारायचं ठरवलंय. आणि जर हे तुमच्याच बाबतीत घडत असेल, तर तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका. अत्याचाराची तक्रार करायला १४५६६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. महाडला जमलेल्या लोकांनी मार खाऊन, तळ्याला वळसा घालून, दहा वर्षं वाट बघितली होती. त्यातून पुढे जे कायद्यात आलं ते वापरायला आपण लाजू नये.

भाग आवडला तर एखाद्या मित्रमैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात!