आडोशाचा इतिहास

कोंबडीपालनाचा इतिहास सांगताना जातींचा उल्लेख होतो, खाद्याचा होतो, लसींचा होतो. कोंबडी अंडं घालते ती जागा मात्र त्यात सहसा येत नाही. पेंढा घातलेली टोपली, भिंतीतला कोनाडा, एखादा लाकडी खोका, यात इतिहास तो काय असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण अंड्याचा सगळा व्यवहार सुरू होतो तो याच जागेपासून. कोंबडी दिसेल तिथं अंडं टाकून पुढं जाणारा पक्षी नाही. ती अंडं लपवते. ते माणसाच्या हाती नेमानं लागायचं तर तिच्या लपवण्याच्या ओढीला माणसानं आपल्या सोयीचा आडोसा पुरवावा लागतो. निदान दोन हजार वर्षं माणूस हेच करत आला. विसाव्या शतकात मोठ्या धंद्यानं ते सोडून दिलं, आणि शतक सरता सरता युरोपला ते कायदा करून परत आणावं लागलं. या काळात आडोसा कितीदा तरी बदलला, कोंबडीची ओढ मात्र तीच राहिली, असं माझं म्हणणं आहे. ते खरं असेल तर 'पिंजऱ्यात आडोशावाचूनही कोंबड्या भरपूर अंडी देतात, मग आडोसा हवाच कशाला' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही याच इतिहासात सापडायला हवं.

ओढीचं मूळ जंगलात आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. पिवळ्या कातडीचं जनुक मात्र तिच्याकडे आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलं असावं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. या रानकोंबड्यांच्या माद्या रात्री झाडावर बसतात आणि अंडी घालतात जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी किंवा गवताच्या आड उथळ खळगा करून. साप, मुंगूस, घोरपड आणि कावळे असलेल्या रानात उघड्यावर अंडी घालणाऱ्या मादीचा वंश टिकणं कठीणच. झोपायला उंच आणि अंडं घालायला खाली, अर्धवट अंधारी, मऊ, तीन बाजूंनी झाकलेली जागा ही विभागणी पाळीव कोंबडीनं सोबत आणली. परसात कोंबड्या पाळणाऱ्याला आजही सांगितलं जातं की खोका बसायच्या दांडीपेक्षा खालीच ठेवा. नाहीतर कोंबड्या त्यात झोपतात, घाण करतात आणि अंडी दुसरीकडे घालतात.

मराठी मुलखातल्या घरांत कोंबड्यांसाठी दोन सोयी जुन्या आहेत: खुराडं आणि डालगं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही ही म्हण डालग्याखाली कोंबडी झाकणाऱ्या घरांतूनच आलेली. पण या दोन्ही सोयी रात्रीच्या, मांजरा-मुंगसापासून राखणीच्या. अंडं घालायची वेळ दिवसाची, आणि दिवसा कोंबडी मोकळी. मग ती गव्हाणीत शिरते, कणगीच्या मागं जाते, कडब्याच्या गंजीत भोक पाडते, नाहीतर शेजाऱ्याच्या परड्यात घालून येते. यावर घरच्या बायकांनी काढलेला उपाय बारकाईनं पाहण्यासारखा आहे. सकाळी खुराडं उघडताना बाई एकेक कोंबडी हातात धरते आणि मागून बोटानं चाचपते. टणक लागलं की ही आज घालणार. तिला इतरांबरोबर सोडायचं नाही. कोपऱ्यात थोडा पेंढा टाकून त्यावर डालग्याखाली झाकायची आणि अंडं मिळालं की मोकळी करायची. जी कोंबडी आपण होऊन ठरावीक टोपलीत बसते तिची अंडी उचलताना एखादं मागं ठेवायचं, म्हणजे ती जागा बदलत नाही. युरोपात याच कामासाठी खडूची आणि चिनी मातीची खोटी अंडी विकत मिळत. अंड्याचे पैसे बहुधा बाईच्याच हाती राहत, त्यामुळं कोंबडी कुठं शिरते हे तिच्याइतकं नीट पाहणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. हे ज्ञान कुणी पोथीत लिहिलं नाही म्हणून त्याला ज्ञान न म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

लिहिलं गेलं ते रोममध्ये. इसवीसनापूर्वी ३७ च्या सुमारास वॅरोनं शेतीवरच्या ग्रंथात दोनशे कोंबड्यांसाठी पूर्वेकडे तोंड केलेल्या, एकमेकींना जोडलेल्या दोन खुराड्यांचा आराखडा दिला, त्यात बसायच्या दांड्यांबरोबर अंडी घालण्याच्या जागाही सांगितल्या. पुढच्या शतकातला कोलुमेला मूळचा स्पेनच्या काडिझचा. त्याच्या ग्रंथाचा आठवा भाग परसातल्या पक्ष्यांवर आहे आणि तो आजही उपयोगी पडावा इतका नेमका आहे. भिंतीत कोनाडे ठेवा, नाहीतर भिंतीत पक्क्या खुंट्या ठोकून त्यांवर विणलेल्या टोपल्या बसवा, असं तो सांगतो. पुढं त्यानं एक गोष्ट जोडली आहे जी केवळ निरीक्षणातूनच येऊ शकते: कोनाडा असो वा टोपली, तिच्यापुढं ओसरीसारखी छोटी फळी हवी. कोंबडीनं आधी त्या फळीवर यावं आणि तिथून चालत आत जावं. थेट आत उडी मारली तर पायाखाली अंडी फुटतात. पेंढा स्वच्छ हवा आणि तो वरचेवर बदलायला हवा, नाहीतर उवा-पिसवा होतात. राखणदारानं रोज या जागांवर फेरी मारून अंडी गोळा करावीत आणि कुठलं कोणत्या दिवसाचं याची खूण करावी, म्हणजे उबवायला ताजी निवडता येतील.

याच लेखकाचा दुसरा एक सल्ला पुढं करून कोणी म्हणेल की या जुन्या मंडळींचं बोलणं किती मनावर घ्यायचं? मेघगर्जनेनं अंडी नासतात म्हणून पेंढ्याखाली लॉरेलच्या डहाळ्या, लसूण आणि लोखंडी खिळे ठेवण्याची चालही त्यानं नोंदवली आहे. आक्षेप खरा आहे, पण तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. गडगडाट अधूनमधून होतो, अंडी नासण्याची कारणं अनेक असतात, त्यामुळं खिळ्याचा उपयोग झाला की नाही हे ताडून पाहायला कुणाकडे साधन नव्हतं. टोपलीपुढच्या फळीचं तसं नाही. फळी नसेल तर संध्याकाळी फुटलेली अंडी समोर दिसतात. म्हणून खिळा कालांतरानं गेला आणि फळी आजच्या खोक्यांनाही असते. परंपरेत जे रोजच्या रोज तपासलं जात होतं ते वेगळं काढायला हरकत नसावी.

यानंतरची अठरा शतकं भराभर ओलांडली तरी चालतील. टोपली, कोनाडा, खोका यांपलीकडे फारसं काही बदललं नाही. बदल झाला तो हिशेबाच्या गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांना अंडी पुरवणं हा स्वतंत्र धंदा बनला, आणि कळपातली कोणती कोंबडी किती अंडी देते हा प्रश्न पैशाचा झाला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात जी. एम. गोवेल यांनी १८९८ पासून सापळ्याचे खोके वापरायला सुरुवात केली. कोंबडी आत शिरली की तिच्या पाठीमागं दार पडायचं. अंडं घातल्यावर ती आतच थांबायची. दिवसातून अनेकदा फेरी मारणारा माणूस येऊन दार उघडायचा, तिच्या पायातल्या कड्यावरचा आकडा वाचायचा, तो अंड्यावर आणि वहीत लिहायचा, आणि मग तिला सोडायचा. कोलुमेलाच्या राखणदारानं अंड्याचा दिवस टिपला होता. मेनमधल्या माणसानं अंड्याची आई टिपली.

या नोंदींतून निघालेलं फळ लगेच गोड नव्हतं. वर्षाला १६० किंवा जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडून गोवेल यांनी वर्षानुवर्षं पैदास केली, पण कळपाची सरासरी काही वाढेना. १९०७ मध्ये तिथं आलेल्या रेमंड पर्ल यांनी आकडे तपासून हे उघड केलं. आईच्या एकटीच्या आकड्यावरून मुलींची खात्री देता येत नव्हती. कोंबडा आणि त्याची संतती यांचाही हिशेब ठेवावा लागत होता. ओरेगनमध्ये जेम्स ड्रायडन यांच्या देखरेखीखाली सी-५२१ क्रमांकाच्या कोंबडीनं १९१३ मध्ये वर्षाला ३०३ अंड्यांचा पल्ला गाठला, तोही याच सापळ्यांनी मोजलेला. आधुनिक लेअर कोंबडीची वंशावळ अशा वह्यांतून पुढं आली. मला इथं महत्त्वाचं वाटतं ते हे की हे सगळं विज्ञान कोंबडीच्या आडोशाच्या हट्टावर उभं होतं. ती आपल्या पायांनी सापळ्यात शिरत होती, कारण सापळा बाहेरून आडोशासारखा दिसत होता. तिनं कुठंही अंडं टाकलं असतं तर वहीत लिहायला काहीच उरलं नसतं.

ज्या हट्टानं ही प्रगती घडवली तोच पुढच्या पिढीला अडचण वाटू लागला. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर उन्हावाचून, बंद छपराखाली कोंबड्या वाढवणं शक्य झालं. १९३० नंतर तारेचे पिंजरे पसरले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभराची रीत झाले. पिंजऱ्याची तारेची जमीन उतरती असते. अंडं पडलं की घरंगळत पुढच्या पन्हळीत येतं. ते शोधावं लागत नाही, त्याला विष्ठा लागत नाही, आणि सुरुवातीला एकेका पिंजऱ्यात एकच कोंबडी असताना नोंदही आपोआप होत असे. अंडं शोधण्याचा, स्वच्छ ठेवण्याचा आणि मोजण्याचा असे तिन्ही प्रश्न एका उतारानं सोडवले, हे मान्यच केलं पाहिजे. रोग आणि जंत यांच्या बाबतीतही जमिनीपासून वेगळं राहण्याचा फायदा झाला. आपल्याकडे गेल्या अर्धशतकात अंडं स्वस्त आणि बारमाही झालं ते याच व्यवस्थेतून, आणि गरिबाच्या ताटातली प्रथिनं ही हलक्यानं घेण्याची गोष्ट नाही.

मग आडोशाची गरज उरली कुठं? याचं उत्तर एडिंबरोच्या पोल्ट्री रिसर्च सेंटरमधून आलं. डेव्हिड वुड-गश आणि ए. बी. गिल्बर्ट यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की आडोसा शोधण्याची ही धडपड पोटातल्या अंड्याच्या दाबानं होत नाही. कोंबडीच्या बीजकोशातून बलक सुटला की मागं एक रिकामी पिशवी उरते. पुढच्या दिवशीच्या धडपडीचं चक्र सुरू होतं ते तिच्यामुळं. ती पिशवी काढून टाकली तर कोंबडी आडोसा शोधत नाही. उलट बलक चुकून उदरपोकळीत पडला आणि घालायला अंडंच नसलं, तरीही ती वेळ झाल्यावर उठून आडोसा शोधायला निघते. म्हणजे अंडं देणं आणि आडोसा शोधणं या शरीरानं वेगवेगळ्या चालवलेल्या दोन गोष्टी आहेत. पिंजऱ्यात पहिली पार पडते, कारण अंडं फार वेळ रोखून धरणं कोंबडीच्या हाती नाही. दुसरी अडून राहते. पिंजऱ्यातल्या लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीच्या कोंबड्या अंडं घालण्याआधी अस्वस्थपणे पुढंमागं येरझारा घालतात, हेही वुड-गश यांनीच नोंदवलं. अंड्यांचा आकडा हा पहिल्या गोष्टीचा पुरावा आहे. दुसरीबद्दल तो काहीच सांगत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे. आजच्या लेअर कोंबडीत खुडूक होण्याची वृत्तीही निवड करकरून जवळपास घालवली आहे. ती अंड्यांवर बसत नाही, पिल्लं काढत नाही. मग आडोशाची ओढसुद्धा गेली असेल किंवा जाईल, असं का मानू नये? कारण खुडूकपणाची सूत्रं प्रामुख्यानं प्रोलॅक्टिन या संप्रेरकाकडे आहेत, आणि आडोशाची बीजकोशाकडे. जी कोंबडी जास्त अंडी देते तिच्यात बीजकोशाचं चक्र उलट जास्त वेळा फिरतं. अधिक अंड्यांसाठी केलेली निवड या ओढीच्या मुळावर येत नाही, ती तिला रोज जागं करते. कॅनडात इयान डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना आडोशापर्यंत पोचण्यासाठी वजन लावलेली दारं ढकलायला लावली. अंडं घालायची वेळ जवळ आली की या आधुनिक जातीच्या कोंबड्या त्यासाठी बरंच ओझं ढकलत. खुडूकपणा गेला म्हणून आडोशाची ओढ गेली असं मानणाऱ्यांना हा निकाल नीट पाहावा लागेल.

१९६४ याच वर्षी इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांचं कारखानी पशुपालनावरचं पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी अशा पशुपालनाची चौकशी करणाऱ्या ब्रँबेल समितीचा अहवाल. स्वित्झर्लंडनं असे तारेचे, 'बॅटरी' पिंजरे १९९१ च्या अखेरीस संपवले. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानं साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. पिंजरा ठेवायचा तर दर कोंबडीमागं ७५० चौरस सेंटिमीटर जागा, बसायला १५ सेंटिमीटर दांडी आणि अंडं घालायला आडोसा हवा. पिंजऱ्यावाचून पाळल्यास सात कोंबड्यांमागं एक खोका. दोन हजार वर्षांपूर्वी राखणदाराला दिलेली सूचना आता कलमात बसली. आपल्याकडे केंद्रीय विधी आयोगानं जुलै २०१७ मधल्या २६९व्या अहवालात अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या राहणीचा हा विषय हाताळला, पण आडोसा नसलेला पिंजरा हीच इथल्या मोठ्या धंद्याची सर्वसाधारण रीत राहिली.

परसातल्या कोंबड्यांपुरता प्रश्न कितीतरी सोपा आहे, कारण तिथं आडोसा द्यायला खर्च जवळजवळ नाही. तिथं अडतं ते वेळेवर. तलंग पहिलं अंडं घालण्याआधीच, साधारण अठराव्या आठवड्याच्या सुमारास, खोका तिच्या समोर असायला हवा. एकदा तिनं कोपरा निवडला की तिला तिथून हलवणं जड जातं. लहानपणापासून दांडीवर चढायची सवय असलेल्या कोंबड्या उंचावरच्या खोक्यात अधिक सहज जातात, जमिनीवर कमी घालतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. मोठ्या धंद्यात मात्र आडोशाला जागा लागते, जागेला पैसे लागतात आणि ते अंड्याच्या भावात येतात. वाद आता तिथं आहे आणि तिथंच व्हावा: अंडं किती पैशांनी महाग झालेलं आपल्याला चालेल, आणि तो भार कोणी उचलायचा, याबद्दल. कोंबडीला आडोसा नकोच असतो, असं सांगून हा खर्च वाचवण्याची वाट १९६४ नंतर उरलेली नाही.