पायातला पत्ता

ससाण्याच्या पायात कडी घालून ती मिरवण्याची हौस राजेरजवाड्यांना जुनीच. पण त्या कडीत मालकीचा तोरा होता, जिज्ञासा नव्हती. आज अभ्यासक पक्ष्याच्या पायात घालतात त्या कडीचं कूळ वेगळं आहे. ते एका शाळामास्तरापाशी सुरू होतं.

हिवाळ्यात पक्षी जातात कुठे, यावर युरोपात तर्कांना तोटा नव्हता. भिंगऱ्या तळ्याच्या गाळात झोप काढतात, असं भलेभले विद्वान मानत. १८२२ साली जर्मनीत क्लुट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला, तर त्याच्या मानेत आफ्रिकी लाकडाचा लांबलचक बाण आरपार रुतलेला! गडी बाणासकट उडत आला होता. पेंढा भरलेला तो करकोचा रोस्टोक विद्यापीठात अजून आहे. पुरावा बिनतोड, पण असे पुरावे मागून मिळत नसतात.

डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १८९० साली दोन मैनांच्या पायात जस्ताच्या कड्या घालून पाहिल्या. त्या जड झाल्या. तोवर विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची रीत निघाली होती आणि एकेकाळी सोन्याच्या तोडीचा असलेला हा धातू झपाट्याने स्वस्त होत होता. १८९९ साली मास्तरांनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वळवून स्वतः कड्या केल्या, त्यांवर आकडा आणि गावाचं नाव ठोकलं. आपोआप दार मिटणाऱ्या लाकडी घरट्यांत मैना पकडून त्यांनी दीडशेहून जास्त पक्ष्यांना त्या घातल्या. कडी घालायची तर ती पायावर सहज फिरली पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. कडा घासलेल्या हव्यात, नाहीतर कातडी सोलवटते. आजही पक्ष्याच्या जातीप्रमाणे कडीचं माप ठरतं आणि खास पकडीने ती मिटवतात.

पण खरी करामत होती पत्त्यात. सगळी भिस्त कुणा अनोळखी माणसावर: त्याने कडी पाहावी, वाचावी आणि पदरचं तिकीट लावून पत्र धाडावं.

१९०९ साली इंग्लंडमध्ये हॅरी विदरबी यांनी हौशी मंडळींना कड्या वाटल्या. त्यांतली एक, बी ८३०, स्टॅफर्डशायरमधले वकील जॉन मेसफील्ड यांनी ६ मे १९११ रोजी आपल्या घरापाशी माळभिंगरीला घातली. पुढच्या वर्षी डिसेंबरात विदरबींच्या नावे पत्र निघालं, थेट दक्षिण आफ्रिकेतून. युट्रेक्ट गावच्या एका हॉटेलवाल्याने कळवलं होतं की जवळच्या शेतावरच्या घरात ही कडी असलेली भिंगरी सापडली. गाळात झोपण्याच्या गप्पा तिथे संपल्या.

आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) ही रीत १९२०च्या दशकात आणली आणि सुरुवातीचं काम पवारांच्या धार संस्थानात झालं. मोठं काम मात्र १९५९ नंतरचं. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली होती, तिचे विषाणू स्थलांतरित पक्षी तर आणत नाहीत ना, अशी शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी कड्यांची मोहीम काढली. कडीवर मुंबईतल्या संस्थेचं नाव आणि 'कळवा' एवढी इंग्रजी विनंती. भरतपूरला कडी घातलेल्या बदकांची खबर सोव्हिएत रशियातून येऊ लागली. ती बहुधा शिकाऱ्यांकडून, कारण पक्षी हातात आल्याशिवाय कडी वाचता येत नसे. सलीम अलींचं नाव सर्वतोमुखी झालं. सैबेरियात बदक सोलता सोलता कडी बाजूला ठेवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. मला या कथेतला खरा नायक तोच वाटतो.

छोट्या पक्ष्यांच्या शंभर कड्यांमागे एकीचीही खबर येईल याचा भरवसा नसतो. आता मोठ्या पक्ष्यांच्या पायात किंवा गळ्यात ठळक अक्षरांच्या रंगीत पट्ट्या असतात, लांब लेन्सच्या कॅमेऱ्याने त्या दुरून वाचता येतात. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, हे उत्तम झालं.

तेव्हा पाणवठ्यावर पट्टी किंवा कडी असलेला पक्षी दिसला, तर त्याच्या मागे धावू नका. रंग, अक्षरं, ठिकाण, तारीख टिपा आणि फोटोसकट बीएनएचएसला कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी सापडली तर तिच्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या.