आयसीयूमध्ये पेशंटचे हात का बांधतात? आणि हे ठरवतं कोण?

भेटीची वेळ होते. चपला बाहेर काढून तुम्ही आयसीयूत जाता आणि पहिली नजर पडते ती वडिलांच्या मनगटांवर. दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले. पोटात कालवतं. "माझे वडील काय कैदी आहेत का?" असं सिस्टरला विचारावंसं वाटतं. काही जण विचारतातही. काही जण मोबाईल काढून व्हिडिओ करतात, आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरलेला असतो.

राग समजण्यासारखा आहे. पण ती पट्टी तिथे का आली, हे व्हिडिओत दिसत नाही.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घातलेली असते. नळीच्या बाजूने हवा गळू नये म्हणून तिच्या टोकाजवळ हवेने फुगवलेला एक छोटा फुगा असतो. नळी काढताना डॉक्टर आधी त्या फुग्यातली हवा सोडतात. पेशंटने ती तशीच ओढली तर फुगा स्वरयंत्राला घासून बाहेर येतो. त्याहून मोठा धोका श्वासाचा. फुप्फुसं स्वतःहून काम करायला तयार नसतील, तर नळी परत घालायला हाताशी मिनिटंच असतात. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली लाइन ओढली गेली तर रक्तस्राव होतो तो वेगळाच.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या जिवावर बेतेल असं कोणी का करेल?

याचं उत्तर आहे डिलिरियम. गंभीर आजार, संसर्ग, गुंगीची औषधं, मोडलेली झोप, रात्रंदिवस चालू असलेले दिवे, अलार्मचे आवाज या सगळ्यामुळे मेंदू गोंधळतो. आपण कुठे आहोत, किती वाजलेत, समोरचा माणूस कोण, काहीच कळत नाही. घशात काहीतरी अडकलंय एवढंच कळतं, आणि हात आपोआप तिकडे जातो. यात हट्टीपणा नाही, वेडही नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये डिलिरियम फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. बोलता न येणाऱ्या पेशंटमध्येही तो ओळखता यावा म्हणून २००१ मध्ये एक तपासणी पद्धत प्रसिद्ध झाली. त्यात नर्स एकेक अक्षर उच्चारते आणि ठरलेलं अक्षर आलं की पेशंटने तिचा हात दाबायचा. दोन-तीन मिनिटांत अंदाज येतो.

पहाटे तीन वाजता

हात बांधण्यासाठी डॉक्टरांची लेखी सूचना असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पण पहाटे तीन वाजता पेशंटचा हात नळीकडे सरकतोय हे दिसतं नर्सला. डॉक्टर दुसऱ्या बेडवर असतात. तिच्याकडेही दुसरा पेशंट असतो, त्याचा बीपी उतरत असतो, आणि त्याच्यासाठी हिच्याकडे पाठ करावी लागणार असते. अशा वेळी खरा निर्णय तिचाच असतो, डॉक्टरांची सही मागाहून होते.

आणि एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. नळी निघाली तर सकाळी प्रश्न येतो, "सिस्टर, तुमचं लक्ष कुठे होतं?" हात विनाकारण बांधले होते का, हे सहसा कोणी विचारत नाही. मग काही वेळा पट्टी पेशंटच्या सुरक्षेसाठी कमी आणि नर्सच्या बचावासाठी जास्त बांधली जाते. यात दोष तिला एकटीला देता येणार नाही.

पण बांधल्याने नळी वाचते का?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. ज्या पेशंटनी स्वतःहून नळी काढली, त्यांचा अभ्यास झाला तेव्हा अनेक ठिकाणी असं दिसलं की त्यातल्या बहुतेकांचे हात त्या वेळी बांधलेलेच होते. अर्थात, ओढाओढ करणाऱ्यांनाच आधी बांधलं जातं, त्यामुळे या आकड्यांवरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण पट्टी म्हणजे हमी नाही, हे नक्की. पेशंट खाली सरकतो, डोकं हातापाशी नेतो आणि काम उरकतो. शिवाय बांधलेला माणूस आणखी बिथरतो, मग गुंगीचं औषध वाढतं, आणि जास्त गुंगी म्हणजे व्हेंटिलेटरवरचा मुक्कामही वाढण्याची शक्यता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर तज्ज्ञांच्या संस्थेने आयसीयूसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बांधण्याचा फायदा-तोटा पारखणारी एकही नीट चाचणी तोवर त्यांना सापडली नव्हती.

२०१० मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३४ आयसीयूंची पाहणी प्रसिद्ध झाली. एकूण पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश बांधलेले होते. पण काही युनिटमध्ये एकही नाही, तर काही ठिकाणी सगळेच! पेशंट इतके वेगळे असणं शक्य नाही. वेगळी असते ती युनिटची सवय आणि नर्सची संख्या. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा दंडक आहे, आणि हात बांधण्याऐवजी बोटं झाकणारे जाड मोजे घालण्याकडे कल आहे. तिथेही औषधाने जास्त झोपवून ठेवलं जातंय का, हा प्रश्न असतोच. हात मोकळे आणि माणूस बेशुद्ध, याला मोकळं कसं म्हणायचं?

अमेरिकेत नियम कडक झाले ते एका वर्तमानपत्रामुळे. १९९८ मध्ये 'हार्टफर्ड कुरंट'ने मनोरुग्णालयं आणि मतिमंदांच्या संस्थांत बांधून किंवा कोंडून ठेवल्याने दहा वर्षांत झालेले १४२ मृत्यू समोर आणले. आज तिथे 'गरज पडल्यास बांधा' अशी आगाऊ सूचना लिहून ठेवायला मनाई आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं, की तातडीचा धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तरच, आणि आवश्यक तेवढाच वेळ बांधा. मात्र हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. साध्या आयसीयूचा कारभार हॉस्पिटलच्या धोरणावर चालतो. एनएबीएच मान्यतेच्या निकषांत याविषयी लेखी धोरण अपेक्षित धरलेलं आहे.

नीट बांधलंय हे कसं ओळखायचं?

पट्टी आणि मनगट यांत दोन बोटं जायला हवीत. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी आणि ती पलंगाच्या मुख्य सांगाड्याला, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही. कठडा खाली केला की हात ओढला जातो. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसली तर लगेच सांगा. ठरावीक वेळाने पट्टी सोडून हात हलवायचा असतो, आणि ती अजून लागते का हे पुन्हा ठरवायचं असतं.

पट्टी दिसली तर व्हिडिओ करण्याआधी सिस्टरला दोन गोष्टी विचारा: कोणती नळी वाचवायला बांधलंय, आणि ती नळी आज काढता येईल का? हात मोकळे करण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग नळी काढणं हाच. घरून चष्मा, कानाचं मशीन आणून द्या. "बाबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात, घशात नळी आहे म्हणून आवाज फुटत नाहीये," हे आपल्या घरच्या बोलीत परत परत सांगा. ते पाच मिनिटांनी विसरतील, पुन्हा सांगा. तुम्ही शेजारी हात धरून बसणार असाल तर तेवढा वेळ पट्टी सोडायला बऱ्याच सिस्टर तयार होतात. फक्त गाठ त्यांनाच सोडू द्या, आणि निघताना त्यांना सांगितल्याशिवाय हात सोडून उठू नका.