ऐझॉलवरची विमाने आणि दारझोची राख

भारतीय हवाई दलाने स्वतःच्याच देशातील एका शहरावर बॉम्ब टाकले, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. ते शहर म्हणजे ऐझॉल. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या.

या कथेची सुरुवात उंदरांपासून करावी लागते. मिझो डोंगरांत सुमारे ४८ वर्षांनी एका जातीच्या बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. त्याच्या बिया खाऊन उंदीर माजतात आणि नंतर भातशेतीवर तुटून पडतात. मिझो भाषेत याला ‘मौताम’ म्हणतात. १९५९च्या मौतामने दुष्काळ आणला. स्थानिक जिल्हा परिषदेने आधीच दिलेला इशारा आसाम सरकारने गांभीर्याने घेतला नव्हता. पुढच्याच वर्षी असमिया राजभाषा झाली आणि दुखावलेली मने अधिकच दुरावली. दुष्काळनिवारणाच्या चळवळीतून १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष जन्मला. त्याचे नेते होते लालडेंगा.

२८ फेब्रुवारी १९६६च्या रात्री फ्रंटने सशस्त्र उठाव केला, १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केले. ऐझॉलमधील आसाम रायफल्सचे ठाणे वेढले गेले. गोळीबारामुळे कुमक घेऊन आलेली हेलिकॉप्टर्स उतरू शकली नाहीत. वेढा खरा होता आणि तो फोडणे सरकारला भाग होते, हे मान्य करायलाच हवे. पण त्यासाठी ‘तुफानी’ आणि ‘हंटर’ ही लढाऊ विमाने भरवस्तीवर धाडली गेली. ५ मार्चला त्यांनी आगलावे बॉम्ब टाकले. दावरपुई, छिंगा वेंग या लाकूड-बांबूच्या घरांच्या वस्त्या जळाल्या. बरेचसे रहिवासी आधीच रानात पळाले होते, म्हणून जीव वाचले. घरे वाचली नाहीत.

विमाने माणसे आणि रसद उतरवण्यासाठी वापरली, अशी सरकारची भूमिका होती. आसाम विधानसभेतील काही डोंगरी आमदार प्रत्यक्ष ऐझॉलला जाऊन आले आणि त्यांनी ती जाहीरपणे खोडून काढली.

त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे मराठी माणसाला तोंडपाठ असते. त्याच कारकिर्दीत ऐझॉलही येते, हे क्वचितच सांगितले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गृहमंत्री झाले, आणि जानेवारी १९६७ मध्ये या मोहिमेचा दुसरा, अधिक लांबलेला अध्याय सुरू झाला: गावांचे एकत्रीकरण.

मलायात ब्रिटिशांनी वापरलेलीच ही युक्ती. बंडखोरांना अन्न आणि आसरा गावे देतात, म्हणून गावेच उचलायची. ५००हून अधिक गावे रिकामी करून सुमारे ११० केंद्रांत कोंबली गेली. जिल्ह्यातील साधारण ८० टक्के लोक विस्थापित झाले. केंद्रांचे सरकारी नाव होते ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावे’. प्रत्यक्षात कुंपण, ओळखपत्रे, संचारबंदी आणि मोजून मिळणारे धान्य. डोंगरावरची फिरती शेती मुळातच घरापासून दूरच्या उतारांवर चालते. संध्याकाळी फाटकाच्या आत परतण्याची सक्ती झाली की ती मोडते. पिकवणारी माणसे शिध्याच्या रांगेत उभी राहिली.

मिझोराममध्ये काम केलेले प्रशासकीय अधिकारी विजेंद्रसिंह जफा यांनी एका सैनिकी अधिकाऱ्याची आठवण नोंदवली आहे. दारझो हे सुखवस्तू गाव. कोठारांत भात, अंगणात डुकरे आणि कोंबड्या. गावकऱ्यांनी हाताला लागेल ते घेऊन निघावे आणि संध्याकाळी आपले गाव आपणच पेटवावे, असा हुकूम होता. कोणीही पुढे आले नाही. शेवटी सैनिकांनी आग लावली. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांसमोर दोन कागद ठेवण्यात आले: बंडखोरांच्या त्रासामुळे आम्ही स्वेच्छेने स्थलांतर मागितले, आणि गाव आम्हीच जाळले, कोणतीही सक्ती झाली नाही. त्यांनी नकार दिला. सह्या बंदुकीच्या धाकाने घेतल्या गेल्या.

मिझोरामच्या या काळावर काम करणाऱ्याने हे दोन कागद डोळ्यांसमोर ठेवूनच दप्तर उघडावे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तिथे कसा येतो, ते त्यातून कळते.

१९७० मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर नवी गावे उचलणे थांबले. ३० जून १९८६ रोजी मिझो करार झाला, पुढच्या फेब्रुवारीत मिझोराम राज्य बनले आणि लालडेंगा त्याचे मुख्यमंत्री झाले. दारझोची माणसे रात्री ज्या हनाथियालपर्यंत चालत नेली गेली, ते आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. ५ मार्चला मिझोराममध्ये ‘झोराम नी’ पाळला जातो.