सुप्याचा बाजार आणि खिशातले कार्ड



तालुक्याच्या गावी किराणा घेतला, यंत्रापुढे कार्ड धरले, की दुकानदार विचारतो, "कोणतं? डेबिट की क्रेडिट?" आपण घाईत काहीतरी सांगतो आणि पिशवी उचलून निघतो. पण या एवढ्याशा प्रश्नामागे आपल्याच मुलखाचा दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आज तोच आपल्याला सांगणार आहे.

आधी शब्द समजून घेऊ. डेबिट म्हणजे नावे टाकणे. बँकेत तुमची जी शिल्लक असेल तिच्यातून रक्कम तेव्हाच वजा होते. शिल्लक नसेल तर व्यवहार होत नाही. क्रेडिट म्हणजे पत. इथे दुकानदाराचे पैसे बँक भागवते आणि ते तुमच्या अंगावर देणे म्हणून लिहून ठेवते. महिन्याचा हिशेब आला की ते फेडायचे. म्हणजे एक कार्ड रोखीचे आणि दुसरे उधारीचे. कार्ड नवे असले तरी उधारी काही नवी नाही.

आता माझ्याबरोबर सुप्याला चला. पुणे जिल्ह्यातले, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे. १२ मे १८७५. बाजाराचा दिवस. त्या दिवशी भरल्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण पसरले. जमावाला मुख्यतः काय हवे होते? कर्जाची खते. खत म्हणजे कर्जरोखा. तो हाती लागला की लोक त्याची होळी करीत. सरकारने पुढे चौकशीसाठी आयोग नेमला, त्यालाही दिसून आले की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता.

कागदावर एवढा राग का असावा? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी पतही वाढली. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्याच सुमारास नव्या पाहणीने शेतसारा वाढला. साऱ्याचा हप्ता ठरल्या तारखेला भरायचा, मग पीक विकले गेलेले असो वा नसो. कर्ज मात्र होते तिथेच होते.

यात कायद्याचीही एक गंमत झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचे बंधन घातले. हेतू चांगला होता, जुनीपुराणी कर्जे उकरून काढू नयेत. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, "दावा नको असेल तर नवं खत लिहून दे." जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून नवे मुद्दल होई.

गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. शंभर रुपयांचे खत, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये झाले, म्हणून नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. नवव्या वर्षाअखेर सुमारे ५०९. घेतले होते शंभर! शेतकऱ्याने नंतर एक पैही उसनी घेतली नसली तरी आकडा पाचपट झाला. आणि अंगठा उठवणाऱ्याला तो आकडा वाचताही येत नव्हता.

म्हणूनच १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तो पहिल्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू केला गेला. त्याने न्यायाधीशाला सांगितले, खतावरचा आकडा प्रमाण मानू नका, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशेब तपासा. ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला.

आता कार्डाकडे येऊ. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. त्याची सगळी रक्कम महिन्याअखेर चुकती करावी लागे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी बँक ऑफ अमेरिकेने सुमारे साठ हजार कार्डे न मागता घरोघर पाठवली. यात नवी सोय होती, थोडे आता भरा, बाकीचे पुढे चालू ठेवा. आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड काढले. २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि रुपे डेबिट कार्ड खेड्यातल्या खातेदाराच्याही हाती पडले. १९९८ पासूनचे किसान क्रेडिट कार्ड हा वेगळा विषय आहे. ते मुख्यतः पीककर्जासाठी आहे.

"थोडे आता भरा" या शब्दांपाशी जरा थांबा. क्रेडिट कार्डाच्या हिशेबात 'किमान देय' म्हणून एक छोटी रक्कम छापलेली असते. दहा हजारांचा बाजार केला आणि पाच टक्के, म्हणजे पाचशे भरले, असे धरू. उरलेल्या साडेनऊ हजारांवर दरमहा साडेतीन टक्के दराने व्याज चढले ३३२ रुपये ५० पैसे. तुम्ही पाचशे दिले, देणे हलले १६७ रुपये ५० पैशांनी. त्यात व्याजावरचा कर वेगळा. शिवाय मागची बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळेनाशी होते. सांगा बरे, तीन वर्षांनी होणारे नवे खत आता महिन्याला होऊ लागले की नाही?

तर मग क्रेडिट कार्ड वाईटच का? नाही. ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतो आणि जो सगळी रक्कम मुदतीत चुकती करतो, त्याला महिना-दीड महिना बिनव्याजी उधार मिळते. कार्ड भामट्याच्या हाती लागले तर डेबिट कार्डावरून तुमची पुंजी लगेच जाते. क्रेडिटमध्ये निदान तक्रार करीपर्यंत घरची शिल्लक शाबूत असते. मात्र कार्ड कोणतेही असो, गैरव्यवहार दिसला की बँकेला त्याच दिवशी कळवा. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने घातलेल्या नियमांतही कळवायला उशीर करणाऱ्यावर जबाबदारी वाढत जाते.

पण शेतकरीदादा, तुमची गोष्ट निराळी आहे. तुमचे उत्पन्न सुगीला येते, कार्डाचा हिशेब दरमहा येतो. खळ्यावर रास पडेपर्यंत तो थांबत नाही. साऱ्याच्या हप्त्याने सुप्याच्या शेतकऱ्याला जिथे गाठले, तिथेच हा आपल्याला गाठतो. म्हणून रोजच्या मीठमिरचीला रोख द्यावे, नाहीतर डेबिट कार्ड वापरावे. फोनवरून पैसे देतानाही ते खात्यातून जातात की उधारीतून, हे पाहून घ्यावे. आणि क्रेडिट कार्ड घेतलेच, तर हिशेबातला मोठा आकडा वाचावा, किमान देयाचा लहान आकडा नव्हे. कार्डावर रोकड तर उचलूच नये, तिचे व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

सुप्याच्या लोकांना त्यांचे खत वाचता आले नाही, म्हणून त्यांनी ते जाळले. आपली मुले आज शाळेत जातात. गुरुजी, घरी आलेला बँकेचा हिशेब त्यांना एकदा वर्गात आणायला सांगा आणि तो वाचायला शिकवा. एवढे झाले तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.